लवचीक आहे, पण बळकट आहे का?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सकाळचे साडेसहा वाजले असतील. मी गॅसवर चहाचं आधण ठेवलं होतं. दार वाजलं म्हणून उघडलं, तर भाची उभी. उजवा हात डाव्या हातात धरलेला, चेहरा पांढराफटक.

‘‘मावशी, खांदा पुन्हा उतरला.’’

‘पुन्हा’ हा शब्द ऐकला आणि मी चमकलेच. म्हणजे याआधीही उतरला होता? पोरगी पोलीस भरतीची तयारी करायला आमच्याकडे चिखलीला राहते. बहिणीचं गाव लोणार तालुक्यात. तिथं ना धड मैदान, ना अभ्यासिका. रोज पहाटे पाचला उठून ही मैदानावर जाते. शंभर मीटर, आठशे मीटर धावणं आणि गोळाफेक. मुलींसाठी चार किलोचा गोळा असतो. त्या दिवशी गोळा फेकताना खांदा निखळला. दवाखान्यात नेलं, फोटो काढला, खांदा बसवला, हात गळ्यात बांधून दिला. घरी आल्यावर तिनं हळूच कबूल केलं, की याआधी दोनदा असंच झालं होतं आणि दोन्ही वेळा खांदा आपोआप जागेवर आला होता. मैदानावरच्या सरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘‘कमजोर आहेस. अजून ताण दे, मोकळा होईल.’’

बहिणीला फोन केला. ती रडायलाच लागली. ‘‘जाऊ दे व ताई, नको ते भरती-फरती. पोरीचं अंगच नाजूक हाय.’’ आमची आई तिच्याच शेजारी बसलेली. तिनं फोन हातात घेतला आणि अगदी सहज म्हणाली, ‘‘त्यात काय रडाचं? माहाबी खांदा असाच उतरे. मी भिंतीले टेकून बसवून घेऊ आन् लागू कामाले.’’

मैत्रिणींनो, मी फोन ठेवला आणि कितीतरी वेळ तशीच बसून राहिले. माझी आई! जन्मभर विहिरीवरून पाणी आणलं, कापूस वेचला, जात्यावर दळलं. आणि आम्हा पोरींना कधी कळलंसुद्धा नाही, की ही बाई रात्री भिंतीला टेकून आपला निखळलेला खांदा आपणच बसवते!

मग मला माझं स्वतःचं आठवलं. शाळेत असताना मला ‘रबराची बाहुली’ म्हणायचे. पाय मानेमागं टाकायचा, कमान करून पायाचे घोटे धरायचे, अंगठा मागं दुमडून हाताला टेकवायचा, हे सगळं मला सहज जमायचं. गॅदरिंगला माझ्या योगासनांवर टाळ्या पडायच्या. बक्षीस म्हणून मिळालेला स्टीलचा डबा अजून स्वयंपाकघरात आहे. तेव्हा कुणालाच वाटलं नाही, की एवढं वाकणाऱ्या अंगाला आधारही लागत असेल.

चाळिशी आली आणि त्या टाळ्यांचा हिशेब सुरू झाला. सपाट रस्त्यावर चालताना घोटा मुरगळायचा. कणीक मळली की मनगट धरायचं. पिशवी उचलली की कोपरात चमक निघायची. डॉक्टरांना दाखवलं. फोटो चांगला, रक्त चांगलं. ‘‘काही नाही, वजन कमी करा, व्यायाम करा.’’ गावात नवी जिम निघाली होती, तिथं नाव घातलं. शिकवणारा मुलगा उत्साही होता. पहिल्याच आठवड्यात त्यानं पायांच्या मशीनवर बसवलं आणि म्हणाला, ‘‘काकू, गुडघा पूर्ण सरळ, एकदम टाईट!’’ माझा गुडघा सरळ होऊन थांबत नाही, तो मागं जातो. हे ना त्याला माहीत, ना मला. तिसऱ्या दिवशी गुडघा सुजला. मी घरी बसले आणि ठरवून टाकलं, की व्यायाम आपल्या नशिबात नाही.

भाचीच्या निमित्तानं अकोल्याला एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे गेलो, तेव्हा कोडं उलगडलं. त्यांनी भाचीच्या खांद्याला हात लावण्याआधी तिचा अंगठा पाहिला. मग करंगळी, कोपर, गुडघे. नंतर माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘‘तुम्हीही करून दाखवा.’’

या तपासणीला बायटन गुणांकन म्हणतात. पीटर बायटन या डॉक्टरांच्या नावावरून ते ओळखलं जातं. १९७३ पासून जगभर हीच पद्धत वापरतात. करंगळी मागं वळवली तर काटकोनाच्या पलीकडे जाते का? अंगठा वाकवून हाताला टेकतो का? हात सरळ केल्यावर कोपर उलट्या बाजूला वाकतो का? उभं राहिल्यावर गुडघे मागं जातात का? उजव्या-डाव्या बाजूचा एकेक गुण, असे आठ झाले. गुडघे न वाकवता दोन्ही तळहात जमिनीला टेकले तर नववा. मोठ्या माणसांत पन्नाशीपर्यंत पाच किंवा जास्त गुण मिळाले, तर सांधे गरजेपेक्षा जास्त सैल आहेत असं धरतात. भाचीला आठ मिळाले, मला सात. परीक्षेत एवढे मिळाले असते तर वडिलांनी पेढे वाटले असते!

आता हे सैल सांधे म्हणजे काय? आपली हाडं एकमेकांना बांधून ठेवणारे चिवट पट्टे असतात, त्यांना अस्थिबंध म्हणतात. ते कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे बनलेले असतात. काहींच्यात ही बांधणीच जन्मतः सैल असते आणि ती घराण्यात उतरते. पुरुषांपेक्षा बायकांत आणि मोठ्यांपेक्षा मुलांत हे जास्त आढळतं. बहुतेकांना त्याचा काहीच त्रास होत नाही, म्हणून त्याला सरसकट रोग म्हणायचं कारण नाही. आपल्या बुमराहचाच हात बघा ना. चेंडू सोडताना त्याचा कोपर सरळ रेषेच्या पलीकडे जातो, हे टीव्हीवर कितीदा दाखवतात. पण काहींना मात्र दुखणं, मुरगळणं, सांधा निखळणं, लवकर थकणं असा त्रास होतो. आणि फोटोत, रक्तात काही दिसत नाही म्हणून त्यांना ‘नाटकी’, ‘कामचुकार’ अशी नावं पडतात. सासरी पडतात, तशी माहेरीही पडतात.

बाईंनी सांगितलेली आणखी एक गोष्ट मला फार पटली. डोळे मिटले तरी आपला हात कुठं आहे, गुडघा किती वाकलाय हे आपल्याला आतून कळत असतं. सैल सांध्यांच्या माणसात ही जाणीव पुष्कळदा थोडी मंद असते. म्हणून घोटा वाकडा पडतोय हे उशिरा कळतं, कोपर मागं गेलाय ते कळतच नाही. ‘‘दावणीचा दोर ढिला असला, तर गोठ्यात जागता गडी लागतो. तुमचे दोर ढिले आहेत. म्हणजे गडी, म्हणजे स्नायू, जास्त तयार पाहिजेत.’’ एवढ्या साध्या भाषेत मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणजे बघा, ज्यांना ‘तुझं अंग नाजूक, तू व्यायाम करू नको’ म्हणून घरी बसवलं जातं, त्यांनाच ताकदीच्या व्यायामाची गरज सगळ्यात जास्त! घरी बसलं की स्नायू आणखी ढिले पडतात, सांधे आणखी हलतात, दुखणं वाढतं, मग आणखी घरी बसायचं. या फेऱ्यात मी दोन वर्षं काढली. आणि ‘अजून ताण दे’ म्हणणारे सरही चुकलेच. जे आधीच सैल आहे, त्याला ताणून काय मिळणार?

मग करायचं कसं? भाचीचा आणि माझा जो नेम ठरला, तो सांगते. हे औषधाचं चिठोरं समजू नका, प्रत्येकीचं अंग वेगळं. पण सूत्रं साधारण सारखी आहेत.

पहिलं सूत्र, सांधा कधीही शेवटपर्यंत न्यायचा नाही. कोपर, गुडघा सरळ होण्याच्या किंचित आधी थांबायचं. मला हे सगळ्यात अवघड गेलं, कारण माझ्या मनाला जे ‘सरळ’ वाटायचं ते आरशात मागं वाकलेलं दिसायचं. म्हणून सुरुवातीचे महिने कपाटाच्या आरशासमोर, बाजूनं उभं राहून.

दुसरं, सावकाश. तीन आकडे मोजत वर, तीन आकडे मोजत खाली. झटका दिला की वजन स्नायू उचलत नाहीत, सांधा लोंबकळतो.

तिसरं, लहानापासून सुरुवात. एक लिटरची पाण्याची बाटली म्हणजे एक किलो. वेगळं सामान कशाला हवं? खुर्चीवरून हात न टेकता उठायचं आणि धपकन न बसता हळू बसायचं. भिंतीला हात टेकून जोर काढायचे. उताणं झोपून, पाय दुमडून कंबर उचलायची. ओट्याजवळ, आधार हाताशी ठेवून एका पायावर उभं राहायचं. भाचीला पहिले काही आठवडे गोळा बंद. कोपर अंगाशी ठेवून हातानं भिंत नुसती दाबायची, म्हणजे सांधा हलत नाही पण स्नायू काम करतात. मग रबरी पट्टा. मग भिंतीऐवजी टेबलावर जोर. मग दोन किलो डाळीची पिशवी. असं चढत चढत.

चौथं, आठवड्यातून दोन-तीन दिवसच, मध्ये एक दिवस विसावा. जागतिक आरोग्य संघटनेनंही २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत मोठ्या माणसांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम सांगितला आहे. पाळीच्या आधी किंवा पाळीत काहींना सांधे जास्त ढिले वाटतात. त्या दिवसांत वजन कमी घ्यायचं, पण नेम मोडायचा नाही.

पाचवं, दुखणं ओळखायला शिकायचं. मांडी, दंड एक-दोन दिवस जड वाटले, ठणकले, तर ते मेहनतीचं दुखणं. पण सांध्यात चमक निघाली, सूज आली, सांधा सरकल्यासारखा वाटला, बोटांना मुंग्या आल्या तर तिथंच थांबायचं. आणि सांधा दुसऱ्या दिवशीही दुखत राहिला, तर पुढच्या वेळी वजन कमी करायचं.

आणि सहावं, जन्मभर एक किलोवरच थांबायचं नाही. हे मुद्दाम सांगते, कारण आपल्याला ‘जपून’ या शब्दाची फार सवय. डेन्मार्कमध्ये सैल खांद्यांच्या शंभर रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्यांना हलका व्यायाम दिला, अर्ध्यांना देखरेखीखाली जड वजनाचा. सोळा आठवड्यांनी जड वजनाच्या गटाला खांद्याच्या कामात जास्त सुधारणा जाणवली. किरकोळ त्रास त्यांच्यात थोडा जास्त होता, पण गंभीर इजा कुणालाही झाली नाही. म्हणजे वजनाला भिण्याचं कारण नाही. पायरी चुकवायला मात्र भ्यायला हवं.

हे सगळं मी आमच्या बचत गटाच्या बैठकीत सांगितलं, तर एक ताई फटकन म्हणाली, ‘‘आमाले कायले व्यायाम सांगता बाई? आमी का कमी वजन उचलतो?’’ सगळ्या हसल्या. मीही हसले. पण प्रश्न खरा आहे. पंधरा लिटरचा हंडा म्हणजे पंधरा किलो पाणी, हंड्याचं वजन वेगळंच. कापूस वेचणारी बाई दिवसभर कंबरेत वाकलेली असते आणि कंबरेची ओटी भरत भरत जड होत जाते. एवढं करून तिचं अंग कमावलेलं का नसतं? कारण कामाचं वजन कामाच्या सोयीनं ठरतं, अंगाच्या सोयीनं ठरत नाही. हंडा आज अर्धा, पुढच्या महिन्यात पाऊण असा कुणी भरत नाही. दुखतंय म्हणून वेचणी थांबत नाही. आणि सैल सांध्याची बाई थकली, की गुडघे मागं टाकून, कंबर सोडून, सांध्यावरच लोंबकळत उभी राहते. आखाड्यातला वस्ताद पोराला पहिल्या दिवशी शंभर जोर काढायला लावत नाही, खुराक आणि आराम सांगतो, मग पुढं नेतो. तेवढी काळजी बाईच्या अंगाची कुणी, कधी घेतली?

आपल्या भागाला व्यायामाची परंपरा नाही असं थोडंच आहे? शेजारच्या अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून आहे. तिथल्या पथकानं १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ जगाला दाखवले. दोरीच्या मल्लखांबावर मुली काय करतात ते एकदा बघा. त्यांचं वाकणं आपल्याला दिसतं. पण त्या वाकण्याला धरून ठेवणारी पकड, खांदे आणि पोट यांची ताकद दिसत नाही. लवचीकपणा आणि बळ ही जोडी आहे. आपण मात्र शाळेत फक्त वाकण्याला बक्षीस देतो. २१ जूनला योग दिन येतो, सगळ्यात जास्त वाकणाऱ्या मुलीला पुढं उभं करतात, फोटो निघतात. योगासनांना माझा विरोध नाही, आजही मी ती करते. पण जी मुलगी सहज वाकते तिला आणखी वाकवू नका, थांबायला शिकवा, एवढंच शिक्षकांना सांगणं आहे. सैल अंगाच्या मुलीला ताण जाणवतच नाही, म्हणून ती कुठंही थांबत नाही. मी थांबले नव्हते.

आणखी एक. आपल्याकडे आरोग्य शिबिरं होतात. मीही भरवते. हिमोग्लोबिन, साखर, रक्तदाब बघतात आणि ते हवंच. पण अंगठा आणि करंगळी बघायला दोन मिनिटं लागतात, पैसे लागत नाहीत. ‘वारंवार मुरगळतं का, सांधा कधी उतरला होता का’ एवढे दोन प्रश्न विचारले, तर माझ्या आईसारख्या किती बाया सापडतील! जिम चालवणाऱ्यांनी आणि भरतीचे वर्ग घेणाऱ्यांनीही नाव घालून घेताना कोपर-गुडघे तेवढे बघावेत. दर भरतीला जिल्ह्यातल्या कितीतरी मुली मैदानात उतरतात. मैदानी परीक्षेच्या ५० गुणांवर त्यांचं पुढचं आयुष्य टांगलेलं असतं. त्यातल्या एखादीचा खांदा अज्ञानापायी जावा, हे बरं नव्हे.

काही गोष्टींत मात्र घरगुती प्रयोग नकोत. उतरलेला खांदा ओढून बसवायचा नाही, चोळायचा नाही, दवाखाना गाठायचा. सांधे वारंवार निखळत असतील, उभं राहिलं की भोवळ येत असेल, कातडी फार ताणत असेल, जखमांचे व्रण विचित्र उमटत असतील, तर आधी डॉक्टरांना दाखवावं. एहलर्स-डॅनलॉससारखे काही आनुवंशिक आजार यामागं असू शकतात. त्यात व्यायाम बंद होतो असं नाही, पण तो कुणाच्या नजरेखाली करायचा हे ठरवावं लागतं. गरोदरपणातही तसंच.

भाचीची ती भरती हुकली. खोटं कशाला सांगू? मैदानी परीक्षेचा दिवस आला तेव्हा ती टेबलावर जोर काढत होती. त्या दिवशी जेवली नाही. बहीण म्हणाली, ‘‘आता स्थळं बघाव म्हणते.’’ मी म्हटलं, ‘‘एक वर्ष दे मला.’’ त्या वर्षातले सात महिने झालेत. खांदा एकदाही उतरलेला नाही. गोळा आधी दोन किलोचा घेतला, आता चार किलोचा. अंतर अजून हवं तेवढं पडत नाही. पण फेकताना तिच्या चेहऱ्यावर ती भीती नसते.

मी स्वतः आता दहा किलोचं पीठ ओट्याखालून काढून चक्क डब्यात ओतते. घोटा मुरगळल्याला बरेच महिने झाले. दिवाळीत गावी गेले तेव्हा आईलाही खुर्चीवर बस-ऊठ करायला लावली. सत्तरी ओलांडलेली बाई, आधी ‘कायले हे थेरं’ म्हणाली. मग पाचदा उठून-बसून झाल्यावर विचारते कशी, ‘‘हे तवा कोनं सांगतलं असतं तं?’’

मला उत्तर देता आलं नाही. दर बारा जानेवारीला आपण सिंदखेडराजाला जिजाऊंपुढं डोकं टेकवतो. तिथं डोकं टेकवणाऱ्या आपण, आपल्याच पोरींच्या अंगाकडे कधी नीट बघितलंय का? आज संध्याकाळी घरातल्या लेकीला, सुनेला जवळ बसवा. ‘बघू गं तुझा अंगठा’ म्हणा. फार मागं गेला, तर टाळ्या वाजवू नका आणि घाबरूही नका. तिच्या हातात पाण्याची बाटली द्या, आणि आरशासमोर तिच्या शेजारी तुम्हीही उभ्या राहा.